आधी कोणी बोलायचं

मेंढीकोटात आपली पाळी आल्याशिवाय पान टाकता येत नाही. बदाम सातमध्ये नाही, रमीतही नाही. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी पत्त्यांचे जे जे खेळ चालत, त्या सगळ्यांत हे इतकं गृहीत होतं की हा एक नियम आहे, हेच कोणाच्या लक्षात येत नसे. दुसऱ्याच्या पाळीत पान टाकणं म्हणजे सरळ लबाडी.

त्यामुळे २०००च्या मे महिन्यात न्यू जर्सीहून आलेला चुलतभाऊ आम्हा दोघा भावांना ‘मॅजिक: द गॅदरिंग’ शिकवायला बसला, तेव्हा पहिल्याच दिवशी भांडण झालं. पाळी माझी होती आणि मधेच दादाने पान टाकलं. मी ओरडलो. चुलतभाऊ म्हणाला, या खेळात चालतं. दुसऱ्याच्या पाळीतही खेळता येतं. फक्त कधी खेळायचं त्याचे नियम आहेत. मी तेरा वर्षांचा होतो, दादा सतरा. चुलतभाऊ तीन आठवड्यांनी परत गेला आणि जाताना एक लाल आणि एक हिरवा असे दोन डेक आणि नियमांची एक पातळ पुस्तिका आमच्याकडे ठेवून गेला. लाल दादाचा झाला, हिरवा माझा. पुढची सहा-सात वर्षं आम्ही तेच दोन डेक खेळलो. नवे पत्ते मिळण्याची इंदुरात तेव्हा सोय नव्हती आणि आम्हाला त्याची फारशी गरजही वाटली नाही.

हा खेळ रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने तयार केला. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो १९९३मध्ये बाजारात आणला आणि त्याच वर्षी गारफील्डने गणितातली डॉक्टरेटही मिळवली. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे वीस जीव, प्रत्येकाचा स्वतःचा डेक. पत्त्यांमध्ये जमिनी असतात, त्यांच्यातून शक्ती मिळते. त्या शक्तीवर क्रीचर, म्हणजे लढणारे प्राणी, मैदानात आणायचे किंवा मंत्र टाकायचे. प्रत्येक क्रीचरच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात: पहिला तो किती मारतो, दुसरा किती मार सोसतो. माझ्या हिरव्या डेकमधला ‘ग्रिझली बेअर्स’ २/२ होता. दोनचा मार देणार आणि दोनचा मार बसला की मरणार. टर्न संपेपर्यंत मेला नाही, तर अंगावरचा सगळा मार पुसला जातो आणि पुढच्या टर्नला अस्वल पुन्हा ठणठणीत.

आमचे वडील, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवत. पत्त्यांवरची राक्षसांची चित्रं त्यांना अजिबात आवडली नव्हती. पण भांडणं वाढायला लागली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती पुस्तिका वाचायला घेतली. एखाद्या पत्त्यावर लिहिलेलं आणि पुस्तिकेतला नियम यांच्यात विरोध आला तर पत्ता खरा मानायचा, असं त्या खेळाचं मूळ तत्त्व आहे. आजच्या नियमग्रंथात ते १०१.१ या क्रमांकावर सापडेल. अण्णा हसले. म्हणाले, हा तर उत्सर्ग आणि अपवाद. सामान्य नियम सगळीकडे लागू, पण अपवाद जिथे लागू होतो तिथे तोच बलवान. पाणिनीचा सगळा कारभार यावर चालतो. त्या दिवसापासून ते आमचे पंच झाले. भांडण झालं की आम्ही दोघंही पत्ते तसेच मांडून ठेवायचो आणि अण्णा शाळेतून येईपर्यंत थांबायचो.

सगळ्यात जास्त भांडणं वेळेवरून व्हायची. एक उदाहरण सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीला ते लागणार आहे.

समजा माझं २/२चं अस्वल चालून गेलं आणि दादाने त्याच्या २/२च्या क्रीचरने ते अडवलं. आता काहीच झालं नाही तर दोघंही मरणार. माझ्या हातात ‘जायंट ग्रोथ’ आहे. तो टाकला की अस्वल टर्न संपेपर्यंत ५/५ होतं. दादाच्या हातात ‘शॉक’ आहे, तो कोणालाही दोनचा मार देतो. मी घाईने जायंट ग्रोथ टाकला, तर दादा लगेच उत्तरादाखल शॉक टाकतो. पुस्तिका म्हणते, या गोष्टी स्टॅकवर जातात. स्टॅक म्हणजे पोळ्यांची चळत. जी पोळी शेवटी ठेवली ती आधी उचलली जाते. म्हणून दादाचा शॉक आधी लागू होतो, त्या क्षणी अस्वल अजून २/२च आहे, ते मरतं, आणि माझा जायंट ग्रोथ लागू व्हायला कोणी उरतच नाही. पण उलट झालं, दादाने आधी शॉक टाकला, तर उत्तर देणारा मी. अस्वल आधी ५/५ होतं, मग दोनचा मार खातं आणि जगतं.

पत्ते तेच, क्रीचर तेच. आधी कोण बोललं, एवढाच फरक. जो आधी बोलतो तो हरतो.

हे मी तेराव्या वर्षी शिकलो आणि इतकं नीट शिकलो की दादाला माझ्याबरोबर खेळणं कठीण झालं. मी पत्ता हातात धरून बसायचो. तो वैतागायचा. ‘बोल ना,’ म्हणायचा. मी म्हणायचो, ‘तू बोल.’

पण थांबण्यालाही मर्यादा आहे आणि तीही पुस्तिकेतच दिलेली आहे. लढाईच्या पाच पायऱ्या असतात: लढाईची सुरुवात, कोण चालून जाणार ते जाहीर करणं, कोण अडवणार ते जाहीर करणं, प्रत्यक्ष मार आणि शेवट. प्रत्येक पायरीवर बोलायची संधी दोघांनाही मिळते. तिला प्रायॉरिटी म्हणतात आणि ज्याची पाळी चालू आहे त्याला ती आधी मिळते. त्याने काही केलं नाही तर ती समोरच्याकडे जाते. त्यानेही काही केलं नाही, आणि चळतीवर काही नसलं, तर ती पायरी संपते. खेळ पुढच्या पायरीवर जातो. मग ‘मी करणारच होतो’ म्हणून उपयोग नाही. अडवणं जाहीर झाल्यावर दोघंही गप्प राहिले तर मार बसतोच, त्यासाठी कोणी काही करावं लागत नाही.

दादाचा आवडता पत्ता होता ‘मॉग फॅनॅटिक’. १९९७च्या ‘टेम्पेस्ट’ संचातला, एका लाल शक्तीत येणारा १/१चा फाटका गॉब्लिन. त्याचा गुण एवढाच की केव्हाही त्याचा बळी द्यायचा आणि कोणालाही एकचा मार द्यायचा. दिसायला अगदीच क्षुल्लक, पण दादा त्याच्यावर माझं अस्वल मारायचा, आणि ते कसं हे कळायला मला अख्खी सुट्टी लागली.

त्या वेळच्या नियमांनुसार, म्हणजे १९९९च्या सहाव्या आवृत्तीपासून, लढाईतला मारसुद्धा चळतीवर जायचा. अस्वल चालून आलं, दादाने फॅनॅटिकने अडवलं. मग मार चळतीवर ठेवला: अस्वल फॅनॅटिकला दोन देणार, फॅनॅटिक अस्वलाला एक देणार. हे ठरलं, पण अजून घडलेलं नाही. या मधल्या क्षणात दादा फॅनॅटिकचा बळी द्यायचा. बळीचा एकचा मार चळतीवर सगळ्यात वर, तो आधी बसायचा. त्यानंतर खालचा, आधी ठरलेला मार घडायचा. फॅनॅटिक तोवर मैदानात नसायचाही, पण त्याने द्यायचा मार आधीच ठरलेला असल्याने तो बसायचाच. एक आणि एक दोन. अस्वल खलास.

मला हे मान्य नव्हतं. जो मेला तो मारेल कसा? अण्णांकडे खटला गेला. त्यांनी पुस्तिका दोनदा वाचली आणि निकाल दादाच्या बाजूने दिला. म्हणाले, बाण सुटलाय. धनुष्य मोडलं म्हणून सुटलेला बाण थांबतो का?

२००९मध्ये मी नोकरीसाठी बंगळूरला आलो. दादा इंदुरातच राहिला. पत्त्यांचा डबा घरीच राहिला. २०११मध्ये अण्णा गेले.

रामबागेतलं घर जुनं, लाकडी जिन्याचं. आईची खोली वरच्या मजल्यावर होती आणि तिचे गुडघे तोवर दुखायला लागले होते. दादाचं म्हणणं होतं की घर विकावं आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यावा. वारस म्हणून माझीही सही लागणार होती. मॅजिकच्या नियमांत १०१.२ क्रमांकाचा एक नियम आहे: एक गोष्ट ‘करता येते’ म्हणत असेल आणि दुसरी ‘करता येत नाही’ म्हणत असेल, तर ‘नाही’ जिंकतं. वारसांच्या सह्यांचंही तसंच असतं. चार जणांचा होकार एका न केलेल्या सहीपुढे चालत नाही.

मी नाही म्हटलं नव्हतं. मी ‘बघू’ म्हटलं होतं. दादाने मुखत्यारपत्राचा मसुदा रजिस्टर पोस्टाने पाठवला. तो माझ्या टेबलाच्या खणात चौदा महिने पडून होता. मला घराबद्दल फार माया होती असं मी लोकांना सांगायचो, आणि ती थोडी होतीही. पण खरं कारण असं होतं की जागांचे भाव चढत होते आणि थांबणाऱ्याचाच फायदा होतो असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. दादाने आधी आकडा सांगू दे, मग बघू. दादा एकदा फोनवर म्हणाला, ‘बोल ना एकदाचं.’ मी म्हटलं, ‘बघतो. आता दिवाळीला येतोच आहे.’

२०१४च्या पावसाळ्यात आई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. चार महिन्यांनी ती गेली.

दादा मला काहीही बोलला नाही. तेराव्यापर्यंत आम्ही एकाच घरात होतो, स्वयंपाक्याचे पैसे, भटजींची दक्षिणा, सगळ्यावर बोललो, आणि या एका गोष्टीवर नाही. मी मनात ठरवलं की तो विषय काढेल तेव्हा मी माफी मागेन. त्याने काय ठरवलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. २०१६मध्ये मी सही केली. घर विकलं, पैसे निम्मे-निम्मे झाले, आणि मग आमच्यात बोलायला व्यवहारही उरला नाही. वाढदिवसाला मेसेज, दिवाळीला मेसेज. भांडण झालं असतं तर कोणीतरी ते मिटवलं तरी असतं.

मॅजिकमधला एक नियम नव्या खेळाडूंना हमखास चकवतो. क्रीचर चालून आलं आणि एखाद्याने ते अडवलं. नंतर तो अडवणारा मैदानातून नाहीसा झाला, कोणी त्याला मारलं किंवा हातात परत घेतलं. आता वाट मोकळी आहे, तेव्हा क्रीचर सरळ समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचेल असं वाटतं. तसं होत नाही. एकदा अडवलेला तो त्या लढाईपुरता अडवलेलाच राहतो. समोर कोणी नसतानाही तो कोणालाच मार देत नाही, नुसता उभा राहतो. अपवाद फक्त ‘ट्रॅम्पल’ हा गुण असलेल्यांचा, जे तुडवत पुढे जातात. रामबागेतलं घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली, त्यानंतरही आम्हा दोघांचं हे असंच होतं. मधे काही उरलेलं नव्हतं.

२०१७च्या सुमाराला मी बंगळूरमध्ये पुन्हा खेळायला लागलो. शनिवारी संध्याकाळी कॉफीच्या दुकानात काही मुलं जमायची. त्यांच्यातल्या एकाकडून मी पत्ते उसने घेतले, आणि योगायोगाने त्यात मॉग फॅनॅटिक निघाला. मला फार आनंद झाला. मी अडवलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, ‘डॅमेज स्टॅकवर.’ समोरचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने अदबीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘अंकल, तुम्ही जुने खेळाडू का?’

तो नियम जुलै २००९मध्येच गेला होता. ‘मॅजिक २०१०’ या मूळ संचाबरोबर बरेच बदल झाले. न वापरलेली शक्ती खेळाडूलाच भाजायची, तेही बंद झालं. मैदानाला आणि खेळातून बाद झालेल्या पत्त्यांना नवी नावं मिळाली. आणि लढाईतला मार चळतीवर जाणं थांबलं. आता चौथ्या पायरीवर मार एकदम, एकाच क्षणी बसतो. ठरणं आणि घडणं यांच्यात फटच ठेवलेली नाही. जो मैदानात नाही तो मारत नाही. तेराव्या वर्षी मी जे ओरडून सांगत होतो तेच. नव्या खेळाडूंना जुनी पद्धत समजायची नाही, हे बदलाचं एक कारण होतं, आणि ते मला पटण्यासारखंच होतं.

त्यामुळे फॅनॅटिकला आता दोनांतलं एकच निवडावं लागतं. लढाईत राहून एकचा मार द्यायचा, किंवा मार बसण्याआधी बळी जाऊन एकचा मार द्यायचा. एक आणि एक दोन आता होत नाहीत.

त्या रात्री मला दादाला फोन करावासा वाटला. ‘दादा, मी जिंकलो, नियम बदलला,’ एवढंच. सतरा वर्षांपूर्वीचा खटला. फोन हातात घेऊन बसलो आणि मग म्हटलं, तो करेल तेव्हा सांगू.

सात वर्षं तेही सांगितलं नाही.

दादाची मुलगी २०२२मध्ये बंगळूरला शिकायला आली. वसतिगृहात राहते, रविवारी आमच्याकडे जेवायला येते. आपल्या बापाच्या आणि काकाच्या मधे काय आहे हे तिने कधी विचारलं नाही. तिला ते सगळं माहीत असावं. मॅजिक ती खेळते, पण संगणकावर, ‘अरीना’मध्ये. तिथे पायऱ्या सांभाळायचं काम यंत्र करतं. तुमच्या हातात करण्यासारखं काही नसेल तर ते तुमच्या वतीने आपोआप पास म्हणतं आणि खेळ पुढे नेतं. प्रत्येक ठिकाणी थांबायचं असेल तर तुम्हाला मुद्दाम तसं सांगून ठेवावं लागतं. ती म्हणते, काका, तुम्ही लोक हाताने हे सगळं कसं लक्षात ठेवायचात? मी म्हटलं, आम्ही लक्षात ठेवायचो म्हणूनच तर भांडायचो.

डिसेंबर २०२४मध्ये दादा तिला सुट्टीसाठी न्यायला आला. दोन रात्री आमच्याकडे राहिला. माझ्या घरात पहिल्यांदाच. बॅगेतून शेवेची पाकिटं काढली आणि त्यांच्याखालून बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा. ‘घर रिकामं करताना सापडला होता,’ म्हणाला. ‘ही म्हणाली घेऊन चला.’

जेवणं झाल्यावर आम्ही खेळायला बसलो. पुतणी कडेला, अण्णांच्या जागी. पत्ते ओलीने जरा वाकले होते. पहिली दहा मिनिटं कोणी खेळाखेरीज काही बोललं नाही, पण हात आपोआप चालत होते. मी जिंकत होतो. दादाचे दोन जीव उरले होते. माझ्याकडे अस्वल होतं आणि मागे शक्ती देणारा १/१चा ‘लानोवार एल्व्ह्ज’. हातात फक्त जमिनी.

मी अस्वल पाठवलं. अडवलं नाही तर दादा तिथेच संपणार होता. त्याने मैदानावरच्या फॅनॅटिकवर बोट ठेवलं. ‘अडवतो.’ मी म्हटलं, ‘ठीक.’ तो थोडा पुढे वाकला आणि मला माहीत होतं तो आता काय म्हणणार.

‘डॅमेज स्टॅकवर,’ तो म्हणाला. ‘आता बळी.’

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. ती बोलणार होती. आणि मला कळलं की मी थांबलो आहे. ती सांगेल, मग मला सांगावं लागणार नाही. तिने सांगितलं की मी म्हणेन, जाऊ दे गं, जुन्या नियमाने खेळू, आणि मोठ्या मनाचाही ठरेन. पण पाळी माझी होती. पाळी ज्याची, प्रायॉरिटी आधी त्याला.

मी म्हटलं, ‘दादा, तो नियम बदलला.’

‘कधी?’

‘२००९मध्ये.’

त्याने मनात हिशेब केला. ‘म्हणजे अण्णा होते तेव्हाच.’

‘हो.’

‘आणि तुला कधी कळलं?’

‘२०१७मध्ये.’

तो काही बोलला नाही. पुतणी म्हणाली, ‘बाबा, आता मार चळतीवर जात नाही. तुम्ही अडवल्यावर काही केलं नाहीत, म्हणजे ती पायरी गेली. आता फॅनॅटिक मरतो आणि अस्वल जगतं.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्याला माहीत नव्हतं. आपण मागे जाऊ. तुझी पायरी आहे असं समज. पण एकच करता येईल. लढ किंवा बळी दे.’

दादा बराच वेळ पत्त्यांकडे पाहत बसला. मी त्याला घाई केली नाही. मग त्याने विचारलं, ‘अडवलेला अडवलेलाच राहतो, हे तरी आहे ना अजून?’

‘ते आहे.’

त्याने फॅनॅटिक उचलला, बाजूला ठेवला, आणि बळीचा एकचा मार अस्वलाला दिलाच नाही. तो माझ्या एल्व्हला दिला. एल्व्ह मेला. अस्वल मात्र अडवलेलं होतं, समोर कोणी नसताना तिथेच उभं राहिलं आणि दादाचे दोन जीव शाबूत राहिले. नवा नियम कळून त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती आणि त्यातली सगळ्यात चांगली खेळी त्याने शोधली होती. पुतणीने टाळी वाजवली. मीही वाजवली असती.

तो डाव दोन टर्ननंतर मीच जिंकलो, त्याच अस्वलाने. दादाच्या हातात काही उरलंच नव्हतं. पुतणी चहा करायला आत गेली. मी पत्ते गोळा करता करता म्हटलं, ‘ते मुखत्यारपत्र माझ्या खणात चौदा महिने होतं. मी मुद्दाम थांबलो होतो. भाव वाढतील म्हणून. आईचं जे झालं ते त्यामुळे झालं.’

हे वाक्य मी दहा वर्षं वेगवेगळ्या प्रकारे मनात जुळवलं होतं. प्रत्यक्षात ते फार लवकर संपलं.

दादाने डब्याच्या झाकणावरचा गंज नखाने खरवडला. मग म्हणाला, ‘ती पायरी दीड वर्षापासून हलत होती.’

मला कळेना.

‘वरून तिसरी. आई रोज सांगायची. सुतार आठशे रुपये म्हणाला होता. मी म्हटलं, घर तर विकायचंच आहे, आता कशाला त्यात पैसे घाला. तुझी सही आली की जाऊच.’ थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘मला वाटलं, तू विचारशील. मग सांगेन.’

आत कपांचा आवाज होत होता. मी इतकी वर्षं समजत होतो की दादा गप्प आहे तो माझ्यावरच्या रागाने. तो माझ्या प्रश्नाची वाट पाहत होता, मी त्याच्या. चळतीवर काहीच नव्हतं.

मी काही बोलणार होतो, पण दादाने लाल डेक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, ‘पिस.’

चहा घेऊन आलेल्या पुतणीने आम्हाला आणखी एक बातमी दिली. नोव्हेंबरमध्ये ‘फाउंडेशन्स’ हा नवा संच आला, त्याच्याबरोबर लढाईचा आणखी एक नियम बदलला. एका क्रीचरला दोघा-तिघांनी मिळून अडवलं, तर मार द्यायचा क्रम आधी लावायचा, पहिल्याला मरण्याइतका मार दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, असं २००९पासून चालू होतं. आता तो क्रम रद्द झाला. मार हवा तसा वाटता येतो.

‘पण आपण तसंच खेळायचो,’ दादा म्हणाला.

खरंच, आम्ही २०००मध्ये तसंच खेळायचो. पंधरा वर्षांनी एक जुना नियम परत आला होता. फॅनॅटिकचा आला नव्हता आणि येईल असं वाटत नाही. दादाने विचारलं, कोण ठरवतं हे सगळं? पुतणीने फोनवर नियमग्रंथ उघडून दाखवला, अडीचशेहून अधिक पानांचा. दादाने तो वर-खाली सरकवून पाहिला आणि म्हणाला, अण्णांना हा फार आवडला असता.

रात्री एक वाजेपर्यंत खेळलो. पुतणीने चार वेळा आमच्या चुका काढल्या, दोनदा माझ्या आणि दोनदा त्याच्या. दुसऱ्या दिवशी दोघं इंदूरला गेले. दादाने डबा माझ्याकडेच ठेवला, पण लाल डेक रबर लावून बॅगेत टाकला. हिरवा माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी कोणी कोणाकडे यायचं ते ठरलेलं नाही. फोन मी केला, पोहोचलात का विचारायला. नेहमी तो पोहोचल्याचा मेसेज करेल म्हणून मी थांबायचो.